मागच्या सीटवरचा हिवाळा

सुजाताच्या पुस्तकात एक धडा आहे. त्यात एक बाई विमानात बसून बर्फाच्या देशात जाते आणि परत आल्यावर काय पाहिलं, काय खाल्लं ते लिहिते. सुजाता माझी मुलगी. ती तो धडा मोठ्यानं वाचत होती आणि मी चुलीपाशी भाकरी थापत होते. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "आई, तू तं कुठीच गेली नाई."

मला उत्तर उशिरा सुचतं आणि सुचलं तरी तोंडाबाहेर येत नाही. पण भाकर तव्यावर टाकता टाकता वाटलं, मी तर अख्खा हिवाळा रोज जाऊन आले की. दुसरबीडच्या आत आमचं गाव आहे, तिथून लोणारपर्यंत, मोटारसायकलवर मागे बसून. बर्फ नव्हता, पण हातपाय बर्फासारखेच व्हायचे. आता ऊन तापायला लागलंय, बोटं मोकळी झालीत, म्हणून लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, अक्षर वाकडं आहे. कुणाला दाखवायचं नाहीच, त्यामुळे चालेल.

घरून निघताना

दरवर्षी दिवाळी झाली की मी आणि सुजाताचे बाबा ऊस तोडायला जायचो. सुजाता सोबत यायची आणि तिची शाळा मागे राहायची. माझीही शाळा लहानपणी अशीच सुटली होती. यंदा मात्र लोणारला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला बाई पाहिजे असं कळलं. मी गेले, पोहे करून दाखवले. वॉर्डन मॅडम म्हणाल्या, "चव आहे हाताला. पण तुम्ही लांबून येणार. संक्रांतीपर्यंत बघते. मुलींचा नाश्ता वेळेवर झाला तर तुमचं नाव कायम करते. नाही तर मला दुसरी बाई बघावी लागेल."

सुजाताचे बाबा दिराला जोडीला घेऊन उसाला गेले. दीर संक्रांतीनंतर परत येणार होता. तोपर्यंत माझं काम पक्कं झालं तर ठीक, नाही तर जोडीला मला जावं लागणार होतं आणि सुजातालाही. सगळं या एका थंडीवर होतं.

लोणारला खोली करावी असं आधी ठरत होतं. पण खोलीचं भाडं गेल्यावर पगारातून हाती काय उरणार? सकाळची एसटी तर नाश्ता संपल्यावर पोचते. तेव्हा मामाजी, म्हणजे माझे सासरे, ओसरीवरून माझ्या सासूला म्हणाले, "तिले सांग, माही गाडी तं रोज जातेच. मांगची सीट रिकामी जाते."

मामाजी गवंडी आहेत. लोणारला बांधकामावर जातात, सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. मी तिथेच उंबऱ्यात उभी होते, पण आमच्याकडे सासरा सुनेशी थेट बोलत नाही आणि सून तर मुळीच नाही. मी डोक्यावर पदर घेते, ते दुसरीकडे बघतात. जे सांगायचं ते आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना सांगतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी मला थेट हाक मारली असं एकदाही झालेलं नव्हतं. याचा अर्थ ते रागीट आहेत असा नाही. माझ्या बाळंतपणात जवसाचे लाडू त्यांनीच आणून दिले होते. दिले मात्र आत्याबाईंच्या हातात.

मोटारसायकलवर आत्याबाई कुठून येणार? पहिल्याच सकाळी ही अडचण आली. आत्याबाई दारात उभ्या राहून दोघांकडे बघत होत्या. मग हसून म्हणाल्या, "आता मी काय टाकीवर बसून येऊ का तुमच्या मंधात?"

हत्यारांची पिशवी

मध्ये आत्याबाईंच्या ऐवजी पिशवी आली. मामाजींची थापी, ओळंबा, रंधा ज्या पिशवीत असतात ती त्यांनी आमच्या दोघांच्या मध्ये उभी ठेवली. मी मागे एका बाजूला पाय करून बसले. आमच्याकडच्या बायका तशाच बसतात. त्याचं काय होतं ते थंडीत कळलं. वारा सगळा एकाच अंगाला लागतो. वाटेतलं बीबी गाव येईपर्यंत उजवा कान, उजवा खांदा, उजवा गुडघा माझा नाहीच असं वाटायचं आणि डावी बाजू मजेत असायची.

हळूहळू शिकले. साडीच्या आत सुजाताच्या बाबांची जुनी पँट घातली. मामाजी शर्टाच्या आत छातीवर वर्तमानपत्र ठेवायचे. त्यांनी एक जास्तीचं वर्तमानपत्र आत्याबाईंकडे देऊन "वारा फुटत नाई यातून, सांग तिले" म्हटलं. खरंच फुटत नाही. आणि भाकरीचा डबा. तव्यावरच्या भाकरी थेट डब्यात टाकून, वर वांग्याचं भरीत ठेवून, झाकण लावून मी तो मांडीवर घ्यायचे. दुसरबीडपर्यंत मांडी गरम. दुपारी जेवताना ती भाकर गार असायची, पण तिनं आपलं काम सकाळीच केलेलं असायचं.

बोलायचं कसं ते डब्यानंच सोडवलं. पहिल्या दिवशी बसल्यावर माझी बांगडी डब्याला लागली, टण झालं, आणि मामाजींनी गाडी सोडली. दुसऱ्या दिवशीही तसंच. मग ते ठरूनच गेलं. एक टण म्हणजे बसले, चला. दोन टण म्हणजे थांबा. त्यांना काही सांगायचं असलं तर ते गाडीला सांगायचे. "हळू व बाई, खड्डा येऊन राह्यला." "धर आता, उतार हाये." गाडी धरणार कशाला? मी सीटची कड धरायचे.

वाटेत समृद्धी महामार्गाचा पूल लागतो. वरून मोठ्या गाड्या सूं करून जातात. तिथे दुचाकीला बंदी आहे, आम्ही खालून जातो. पण पुलाखाली शिरलं की वारा एकदम तुटतो. दोन श्वास घेऊन होईपर्यंत बाहेर, पण तेवढ्यात कान परत येतात, आपल्याच गाडीचा आवाज मोठा ऐकू येतो. रोज त्या पुलाची वाट बघायचे. मोठ्या लोकांचा रस्ता, पण सावली आणि ऊब आम्हाला मिळायची.

बीबीचा चहा

बीबीला सलीमचाचांची टपरी आहे. तिथे रोज थांबणं व्हायचं. मामाजी गाडीवरून न उतरता, समोर बघत म्हणायचे, "दोन चाय. एक तिकडे द्या." तिकडे म्हणजे मी. चाचा हसायचे. "मिस्त्री, तिकडे तो तुम्हारी बहू है. नाम नहीं है क्या उसका?"

"चाय द्या हो तुम्ही."

चाचा माझ्यासाठी आलं जास्त टाकायचे. मी पदराआड कप धरायचे आणि वाफ आधी उजव्या कानाला द्यायचे. टपरीपुढे शेकोटी असायची, तिच्याभोवती दुधवाले, कांदेवाले. कुणी मामाजींना "जय भीम, मिस्त्री" म्हणायचं, कुणी "सलाम", आणि सगळे हात आगीकडेच करून बसलेले. एकदा मला जागा करून दिली. मी गेले नाही, लाजले. नंतर वाईट वाटलं. त्यांनी बोलावलं होतं ते चांगल्या मनानं.

लोणार

लोणारला लांबलांबून लोक तळं बघायला येतात. मी रोज त्या गावात जायचे आणि तळं पाहिलं नव्हतं. वसतिगृहाच्या स्वयंपाकघराला खिडकी आहे, त्यातून चिंचेचं झाड दिसतं, तेवढंच माझं लोणार.

तिथे गयाबाई मुख्य. त्या नांदुऱ्याकडच्या, म्हणजे घाटाखालच्या. आम्ही घाटावरचे. त्या रोज सकाळी गॅस पेटवताना म्हणायच्या, "काय व ही तुमची घाटावरची थंडी! आमच्या घाटाखाली मानसं असं थरथरत नाईत." मी मान हलवायचे. त्या पोह्यात साखर टाकायच्या, मला ते विचित्र वाटायचं. पण मुलींना आवडायचं. मी एक दिवस पोह्यावर भाजलेली जवसाची चटणी ठेवली तर मुलींनी तीही संपवली. गयाबाई म्हणाल्या, "बोलत नाई, पन हात बोलते बाईचा." मला दिवसभर बरं वाटत राहिलं.

मध्ये एकदा टायर पंक्चर झालं आणि आम्ही उशिरा पोचलो. मॅडम रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "एकदा झालं. पुन्हा नको." त्या हळू बोलतात, म्हणून जास्त लागतं.

धुई

संक्रांत जवळ आली होती तेव्हाची गोष्ट. आदल्या दिवशी आभाळ आलं होतं, थोडा शिडकावा झाला होता आणि सकाळी अशी धुई पडली की स्वतःचे हात दिसेनात. धुक्याला आम्ही धुई म्हणतो. आत्याबाई म्हणाल्या, आज नका जाऊ. मामाजी म्हणाले, "तिचं काम आज बुडलं तं कायमचं जाईन." मला ऐकू यावं असंच ते म्हणाले.

पूल गेला, पुढे काही दिसेना. हेल्मेटच्या काचेवर पाणी साचत होतं. एका जागी मामाजी थांबले, काच पुसायला लागले. माझ्या उजव्या पायाला मुंग्या येऊन तो पार मेल्यासारखा झाला होता. डबा पिशवीच्या कडीला अडकवला आणि मी खाली उतरले, पाय आपटायला. जवळ उभं राहून पाय कसे आपटायचे, म्हणून चार पावलं मागे गेले.

मामाजींनी किक मारली. गाडी हलली, डबा झुलला आणि पिशवीतून वर आलेल्या थापीला लागला.

टण.

आणि ते गेले.

मी बघतच राहिले. मागचा लाल दिवा धुईत शिरला. आवाज द्यायचा होता. मला वाटतं मी तोंड उघडलंही. पण काय म्हणून हाक मारायची? त्यांचं नाव मी घेत नाही. मामाजी म्हणून मी मनात म्हणते, आत्याबाईंशी बोलताना म्हणते, त्यांना कधी म्हटलेलं नव्हतं. "मामाजी!" असं शेवटी निघालं, तेव्हा गाडीचा आवाजही येत नव्हता. माझाच आवाज मला परका वाटला.

मोबाईल पिशवीत, पिशवी गाडीवर. मी चालायला लागले. डोक्यात एकच, मुलींचा नाश्ता. गयाबाई एकट्या. मॅडमचं "पुन्हा नको". सुजाताला उसाच्या फडात, पाचटात बसवलेली मी बघत होते. एक एसटी गेली, मी हात केला, तिला मी दिसले नसणार.

रस्त्याच्या कडेला, तुरीच्या शेतापाशी पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचा, जाळ दिसला. एक म्हातारी बसली होती.

"कोन व? भूत का मानूस?"

"मानूस," मी म्हणाले.

"मंग ये, शेक. धुईनं तूर गेली माही, तू तरी वाच." मी आगीपाशी बसले. तिनं हात धरून पाहिले. "एवढ्या सकाळी पायी कुठी चालली?"

मी सांगितलं, सासऱ्याच्या गाडीवर होते, मागे राहिले.

"सोडून गेला? भांडन झालं काय?"

"नाई. आमी बोलतच नाई."

"मंग भांडन कशाले पाह्यजे!" म्हातारी अशी हसली की तिला खोकला आला. मलाही हसू आलं आणि त्यातच रडू आलं. तिनं राखेतून भाजलेल्या तुरीच्या शेंगा काढल्या, माझ्या पदरात टाकल्या. तिची तूर जात होती आणि ती मला शेंगा देत होती. मी तिचं नाव विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं.

थोड्या वेळानं लांबून हॉर्न ऐकू आला. थांबत नव्हता. धुईतून सारखा वाजत येत होता. मी उठून रस्त्यावर गेले, आणि या वेळी आवाज निघाला.

"मामाजी! ओ मामाजी!"

गाडी पुढे जाऊन वळून आली. मामाजींनी हेल्मेट काढलं. तोंड पांढरं पडलेलं. त्यांनी आधी माझे पाय बघितले, मग हात, मग तोंड. मी पदर घ्यायचं विसरले होते.

म्हातारी म्हणाली, "काय हो, सून सांडली वाटते तुमची?"

"हाव माय. चुकलं." मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, "बस."

एवढाच शब्द, पण तो आत्याबाईंना नव्हता, गाडीलाही नव्हता. मी नेहमीसारखी एका बाजूला बसायला लागले तर म्हातारी ओरडली, "तशी काय बसते? दोनी बाजूनं पाय टाक अन् धर त्याले! बाप हाये तो." मामाजींनी पिशवी उचलून पुढे टाकीवर घेतली. मी दोन्हीकडे पाय टाकून बसले. आत पँट होतीच.

वसतिगृह

पोचलो तेव्हा मुली ताटं घेऊन बसलेल्या, गयाबाई एका हातानं कांदा चिरत, एका हातानं कढई हलवत होत्या. दारात मॅडम उभ्या होत्या. मी खाली मान घातली. आता त्या हळू आवाजात सांगणार, असं वाटलं.

तेवढ्यात मागून मामाजी आले. ते फाटकाच्या आत कधी येत नाहीत. हेल्मेट छातीशी धरून उभे राहिले.

"मॅडम, तिची चूक नाई. माही हाये. ती खाली उतरली अन् मी तसाच आलो. बीबीपर्यंत मले समजलंच नाई. दोन चाय सांगतल्या अन् चायवाला म्हने, पीछे तो कोई नहीं."

मॅडमना आधी कळेना. "म्हणजे तुम्ही सून रस्त्यात विसरलात?"

"हाव."

"आणि ती ओरडली नाही?"

मामाजी हेल्मेटची काच पुसायला लागले. गयाबाई रोज संध्याकाळी आम्हाला फाटकातून निघताना बघायच्या, त्यांनी कढईवरून मान वर केली. "ते दोघं बोलत नाईत, मॅडम. डबा वाजवतात."

आधी मुली हसल्या, मग गयाबाई, आणि मग मॅडम इतक्या हसल्या की त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मी कधी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. मामाजी मात्र तसेच उभे होते, चेहऱ्यावर काळजी. ते बघून मॅडम थांबल्या. म्हणाल्या, "आजचं मी धरत नाही. पण एक अट आहे. उद्यापासून दोघांनी बोलत यायचं. डबा जेवायला ठेवा."

त्या दिवशी पोह्यावर मी म्हातारीच्या शेंगांचे दाणे सोलून टाकले.

पुन्हा तोच रस्ता

दुसऱ्या दिवशी मी बसले. मामाजी किक मारून थांबले. मी सवयीनं बांगडी डब्याकडे नेली, मग आठवलं. ते म्हणाले, "बसली काय?"

"बसली, मामाजी."

आत्याबाई दारात होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला. हसत होत्या का काय, दिसलं नाही.

संक्रांतीला मॅडमनी तिळगूळ दिला आणि माझं नाव कायम केलं. दीर परत आला, सुजाताच्या बाबांनी मुकादमाला सांगून एकट्यानं करायचं, गाडी भरायचं काम घेतलं. मला जावं लागलं नाही. सुजाता शाळेत आहे आणि मला सांगते की मी कुठेच गेले नाही. तिनं हे घरी बसून, पुस्तक पुढ्यात घेऊन म्हटलं, याचाच मला आनंद झाला.

नाव कायम झालं त्या संध्याकाळी मामाजींनी गाडी तळ्याच्या काठाला नेली. "पाह्यलं काय कधी?" मी नाही म्हटलं. खाली खोल हिरवं पाणी, भोवती झाडी, कुठेतरी मोर ओरडत होते. मामाजी म्हणाले, "आभायातून दगड पडला म्हनतात. केवढा खड्डा झाला पाह्य." मग गाडीकडे बघून, "अन् आपल्या रस्त्यावरचे खड्डे कोन पाडते काय मालूम." मी मोठ्यानं हसले. त्यांच्यासमोर पहिल्यांदाच.

एक गोष्ट मात्र राहिली होती. सलीमचाचांनी मला सांगितलं होतं, "बेटी, उस दिन मिस्त्री तो बोलते बोलते ही आये थे. धुंद में अकेले. मैं समझा तुमसे बोल रहे हैं." काय बोलत होते ते चाचांना ऐकू आलं नव्हतं. मला विचारायचं होतं आणि धीर होत नव्हता. थंडी उतरायला लागली, हरभरा काढून झाला, तेव्हा एक दिवस विचारलंच.

"मामाजी, धुईच्या दिवशी तुमी काय बोलून राह्यले होते?"

"सांगतलं ना तवाच."

"मी कुठी होती तवा?"

दुसरबीड मागे पडलं. मला वाटलं, चुकलं, विचारायला नको होतं. मग पूल आला. वारा तुटला, आपल्याच गाडीचा आवाज मोठा झाला आणि त्या तेवढ्यात, समोर बघत, ते म्हणाले,

"म्हनलं होतं, इतके साल एकटा आलो-गेलो. मांगं कोनी बसलं की पाठीले थंडी वाजत नाई."

पुलाबाहेर पडलो. वारा पुन्हा लागला. त्या दिवशी त्यांच्या मागे कुणीच नव्हतं, तरी त्यांना ऊब वाटत होती, हे माझ्या मनात आलं आणि मला वाटतं त्यांच्याही आलं असावं, कारण त्यांचे खांदे हलले. ते हसत होते.

मी दोन्ही हातांनी त्यांचा स्वेटर धरला आणि म्हणाले, "आता हाये, मामाजी."